बंद न करायचा पंप

आमच्या गावात पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे ओळखतात ते तो पाणी बंद करतो म्हणून. सोडल्यावर त्याच्याकडं कुणी बघत नाही, सगळे घागरीकडं बघतात. बंद केलं की मात्र गल्लीभर त्याच्या नावानं बोटं मोडली जातात. आमच्या आण्णाप्पानं अशी बोटं मोडून घेत उभी नोकरी काढली. निपाणीजवळच्या आमच्या गावात तो पंचायतीचा पाणी सोडणारा. हातात लांब दांड्याची लोखंडी चावी, खांद्यावर टॉवेल आणि तोंडात एकच वाक्य, "टाइम झाला."

मी त्याचा शेजारी, भावकू. बेळगाव-निपाणी गाडीवर कंडक्टर होतो, त्यामुळं माझा आवाज चढा आणि स्वभाव त्याहून चढा. आमची दोस्ती जमली, कारण दोघांनाही लोकांच्या शिव्या खायची सवय होती. फरक एवढाच, की मी उलट दोन हाणायचो आणि आण्णाप्पा गप्प राहायचा. गप्प राहण्यात त्याचा हात धरणारा माणूस मी बघितला नाही. पुढं जे झालं ते सगळं त्या गप्प राहण्यानं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

त्याला अभिमान कशाचा, तर वेळेवर बंद करण्याचा. टाकी लहान, गाव मोठं. एका गल्लीला जास्त सोडलं की दुसरीचं जातं. म्हणून घड्याळ बघून चावी फिरवायची, कुणाचं ऐकायचं नाही. पंचायतीच्या अध्यक्षाच्या दारातसुद्धा त्यानं जादा सोडलं नाही. फक्त टेकावरच्या गल्लीचं जरा वेगळं होतं. चढामुळं तिथं पाणी उशिरा पोचायचं. खालच्यांचे हंडे भरून व्हायचे तेव्हा वरचे नळ नुसते फुसफुसत असायचे. वरच्या बाया ओरडत यायच्या, "आप्पा, आत्ता कुठं धार लागलीया!" तोवर चावी फिरलेली असायची. टाइम म्हणजे टाइम. कुठं वाटेत नळ गळताना दिसला तर हा माणूस सायकल भिंतीला टेकवून तोटी पिळायचा. लग्नात जेवायला गेला तरी हात धुवायच्या नळांवरून एकदा फिरून यायचा.

निवृत्त झाल्यावर चावी पंचायतीत जमा केली आणि तो मुलाच्या नव्या बंगल्यात आला. मुलगा नागेंद्र साखर कारखान्यात आहे, सून सौम्या निपाणीला कॉलेजात शिकवते. दोघं सकाळी गाडीतून जातात, संध्याकाळी येतात. घरात दिवसभर आण्णाप्पा एकटा, आणि दुपारी येणारी गुणाबाई. ही गुणाबाई टेकावरच्या गल्लीतली. आधी ती तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिथल्या धुळीनं तिला असा खोकला जडला की बोलता बोलता भिंतीला धरून उभी राहायची. डॉक्टरनं वखार सोडायला सांगितल्यावर ती सौम्याकडं भांडी, झाडलोट आणि बागेच्या कामाला लागली. मोकळ्या हवेत तिचा खोकला हळूहळू कमी झाला. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळं मला हे रोज ऐकू यायचं, म्हणजे खोकला ऐकू येईनासा झालेला कळायचा.

सौम्याच्या मैत्रिणीचं बेळगावात कॅम्पात जुनं घर आहे. तिथल्या बागेतलं तळं बघून आली आणि हिनं ध्यास घेतला. अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटचं तळं बांधलं, कडेला दगड रचले, कमळाचे कंद लावले, रंगीत मासे आणायचं ठरवलं. दगडांवरून पाणी पडलं पाहिजे, म्हणजे पंप पाहिजे. नागेंद्र मोबाइलवर पंप बघत बसला. सौम्या सासऱ्याकडं बघून म्हणाली, "मामांना विचारा की. त्यांचा सगळा जन्म पाण्यात गेलाय."

आण्णाप्पाचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. दुसऱ्या रविवारी नागेंद्र, आण्णाप्पा आणि मी बेळगावला मारुतीरावांच्या दुकानात गेलो. शेतीच्या पंपांचं जुनं दुकान, आता तिथं बागेचे लहान पंपही मिळतात. आण्णाप्पानं दारातच विचारलं, "हॉर्सपॉवर किती पायजे?"

मारुतीराव हसले. "आप्पा, ह्यात हॉर्सपॉवर न्हाय. ह्यो बघा." त्यांनी मुठीत मावणारा काळा पंप पुढं ठेवला.

आण्णाप्पानं तो तळहातावर तोलला. "एवढुसा? ह्यो काय पाणी चढवणार?"

पण मारुतीराव धीराचे. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तळ्यात पाणी किती, ते बघायचं. तासा-दोन तासांत तेवढं पाणी एकदा फिरून आलं पाहिजे. खोक्यावर लिहिलेला आकडा जमिनीवरचा असतो, जितकं उंच चढवाल तितकी धार कमी होते, म्हणून आकड्यापेक्षा थोडा मोठाच घ्यायचा. तोंडाला जाळी पाहिजे, नाहीतर पानं अडकतात. आण्णाप्पा एकेक शब्द टिपत होता. चढावर धार कमी होते म्हटल्यावर तर त्यानं अशी मान हलवली, की जणू हे शास्त्र ह्यानंच काढलं. मग त्यानं बादलीत लावून तीन-चार पंप चालवून बघितले, आवाज ऐकला, पाण्यात बोट धरलं आणि एक निवडला. निवड चांगली होती, हे आजही सांगतो.

"आणि एक," मारुतीराव खोकं बांधता बांधता म्हणाले, "बंद करायचा न्हाय. मासं असल्यावर रातंदिस चालू. उन्हाळ्यात तर लईच जपायचं. पाणी पडतंय तवर त्यात हवा मिसळतीया, त्या हवेवर मासं जगत्यात."

"रातंदिस?" आण्णाप्पानं विचारलं.

"चोवीस तास."

आण्णाप्पानं बांधलेलं खोकं उचलून काखेत घेतलं. मला वाटलं, त्याला पटलं.

तळं सुरू झालं. पाणी पडायला लागलं, नारिंगी मासे फिरायला लागले, सौम्या कॉलेजातून आली की पर्स न ठेवता आधी तळ्यापाशी जायची. एकेका माशाला ती ओळखायची. आण्णाप्पा खुर्ची टाकून जवळ बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला नागेंद्र सांगायचा, "पंप आप्पांनी निवडला." आण्णाप्पाला मनातून ते गोड लागायचं, वरून तो "त्यात काय एवढं" म्हणायचा.

मार्चअखेरीला गुणाबाई लेकीकडं लोंढ्याला गेली. जाण्याआधी तिनं तिच्या पद्धतीनं सगळं घर लख्ख केलं, पुढच्या पायऱ्या फिनेलनं धुतल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सौम्या आली तर निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते. तिनं पाण्यात हात घालून एकेकाला हलवून बघितलं. पंप चालू होता, पाणी पडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागेंद्र तडक पंप काढून बेळगावला निघाला. आण्णाप्पाला आणि मलाही गाडीत घातलं. मारुतीरावांनी पंप बादलीत लावला, तो सुरळीत चालला. नागेंद्र ऐकेना. "चांगला आहे तर मासे मेले कसे? फसवणुकीचा धंदा आहे तुमचा," असं तो चार गिऱ्हाइकांपुढं बोलला. मारुतीराव लाल झाले. पण त्यांनी त्याहून मोठा पंप काढून दिला आणि आण्णाप्पाला म्हणाले, "आप्पा, तुमीच बघून घ्या. तुमास्नी कळतंय." आण्णाप्पा बादलीजवळ गेला, पण ह्या वेळी त्यानं पाण्यात बोट धरलं नाही. "चांगला हाय," एवढंच तो खाली बघून म्हणाला. येताना सगळी वाट खिडकीबाहेर बघत होता.

त्याच संध्याकाळी भिंतीपाशी येऊन त्यानं मला सांगितलं. "भावकू, पंपाची चूक न्हाय. मी बंद करत हुतो."

"काय?"

"पोरं कामाला गेली की बंद करायचो. ती यायच्या आधी चालू करायला यायचो. लई येळा आधीच केलेला असायचा, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय." तो भिंतीवर बोटानं रेघा ओढत राहिला. "खाली घागर न्हाय, कोन प्यायला न्हाय, आन पाणी आपलं पडतंय. बघवत न्हाय रं मला. तेच पाणी फिरतंय, हे डोक्याला कळतंय. हाताला कळत न्हाय."

मी तापलो. त्या मारुतीरावांची इज्जत गेली आणि हा शेजारी उभा राहून ऐकत होता! "आत्ताच्या आत्ता घरात सांग," मी म्हणालो.

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो की."

सांगितलं नाही. पोरानं कौतुकानं लोकांना सांगितलेलं, सुनेनं विश्वासानं विचारलेलं, ते सगळं जाईल ह्याची त्याला भीती. त्यापेक्षा आता बंदच करायचा नाही, म्हणजे सांगायची गरजच नाही, असा त्यानं आपल्या मनाशी सोपा हिशेब घातला. काही दिवस हात आवरलाही. मग पुन्हा हात गेला. थोडाच वेळ बंद ठेवायचा असं ठरवून तो आत जाऊन पडायचा. उठून येऊन बघावं तर पंप चालूच असायचा. त्याला वाटायचं, आपणच चालू केला असेल, वय झालं, आठवत नाही. मासे खेळत होते. त्याला थोडा धीर आला.

एप्रिलच्या शेवटी गुणाबाईच्या लेकीच्या बाळाचं बारसं होतं. पुन्हा ती पायऱ्या धुऊन लोंढ्याला गेली, आणि पुन्हा मासे मेले. ह्या वेळी सगळे.

सौम्या रडली नाही. तिनं विचार केला, आणि तिचा विचार वरवर बघता बिनचूक होता. "पंप दोन्ही चांगले. मग पाण्यातच काहीतरी गेलं. दोन्ही वेळा गुणाबाई सुट्टीवर जाताना पायऱ्या फिनेलनं धुऊन गेली आणि दोन्ही वेळा मासे मेले. ते पाणी उतारानं तळ्यातच जातं."

गुणाबाई परत आली तेव्हा मी भिंतीपलीकडं झाडांना पाणी घालत होतो. सौम्या वाईट बोलली नाही, पण उद्यापासून येऊ नकोस म्हणाली. गुणाबाई म्हणाली, "ताई, मी पायऱ्यांचं पाणी मागच्या अंगानं काढते. तळ्याकडं एक थेंब जाऊ देत न्हाय." सौम्यानं मान फिरवली. आण्णाप्पा व्हरांड्यात बसला होता, हातात चहाची बशी. गुणाबाईनं एकदाच त्याच्याकडं बघितलं. त्यानं बशी तोंडाला लावली आणि रिकामी झाली तरी खाली आणली नाही. तिनं पदर खोचला आणि ती फाटकातून गेली.

मी हातातली नळी टाकून दिली. अशा वेळी माणसाला बदडावंसं वाटतं. पण त्या रात्री आण्णाप्पा जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही त्यानं ताटावरून उठून हात धुतले. तळ्यात आता मासे नव्हते, तरी पंप चालू होता आणि तो आवाज नको म्हणून तो घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचा. चारचौघांत बसला तरी लक्ष कुठंतरी भलतीकडंच. असं त्याला आतून काहीतरी कुरतडत होतं, आणि मला त्याची दयाही येत होती आणि रागही. गुणाबाई पुन्हा वखारीत जायला लागली, हे मला दुकानात कळलं. मी तसाच त्याच्याकडं गेलो.

"तुझ्या तोंडाला कुणी व्हॉल्व्ह बसवलाय काय रं?" मी ओरडलो. "ती बाई परत धुळीत गेली! ऊठ."

सायकली आता दोघांनाही झेपत नाहीत. आम्ही चालतच टेकावर गेलो. आण्णाप्पा दोनदा थांबला, चढानं नव्हे. तो पाण्याचा दिवस होता. गल्लीत हंडे, कळश्या, प्लॅस्टिकच्या घागरी रांगेत मांडलेल्या आणि नळ फुसफुसत होता. त्या नळासमोरून जाताना त्यानं टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

गुणाबाई दारात बसली होती. अंगाला तंबाखूचा उग्र वास. आम्हाला बघून उठली, आतून घोंगडं आणून टाकलं आणि खोकत खोकतच "बसा" म्हणाली. तो जुना खोकला परत आला होता.

आण्णाप्पा बसला नाही. "गुणाबाई, मासं माझ्यामुळं मेलं. पंप मी बंद करायचो."

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

मी घोंगड्यावर टेकत होतो, तो पुन्हा उठलो.

"दुपारी यायची तवा पंप रोज बंद असायचा. मासं वर येऊन तोंडं उघडायची. तुमी आत झोपलेला असायचासा. मी चालू करून कामाला लागायची."

"रोज?"

"रोज की. मी लोंढ्याला गेली तेवढंच दिस ऱ्हायलं."

आण्णाप्पानं दाराची चौकट धरली. "मग त्या दिशी सांगितलं का न्हाईस? सौम्या तुला बोलत हुती तवा?"

"काय सांगू? म्हातारपणी सुनंफुडं तुमचं नाक कापू? मला वाटलं, तुमीच बोलशीला." तिला पुन्हा खोकला आला. तो थांबेपर्यंत तिनं पदर तोंडावर धरला. मग ती नळाकडं बघत, राग न धरता म्हणाली, "आप्पा, तुमी बंद करायचं आन मी चालू करायचं. तळ्याचं बटण हाताला येत हुतं म्हणून जमलं. आमच्या गल्लीचं न्हाय जमलं. त्याची चावी तुमच्यापाशी हुती."

आण्णाप्पा तिथंच उंबऱ्यावर बसला. तेवढ्यात बाहेर नळाला धार लागली. बाया पुढं सरसावल्या. पहिली घागर अर्धी भरली असेल नसेल, धार बारीक झाली, तुटली, आणि नळ पुन्हा फुसफुसायला लागला. कुणी ओरडलंसुद्धा नाही. रिकाम्या कळश्या उचलून बाया आपापल्या दारात गेल्या. आण्णाप्पानं एवढी वर्षं ह्या नळाचं पाणी बंद केलं, पण बंद झालेलं वरून कसं दिसतं, ते त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

घरी आल्यावर त्यानं जेवणाआधी मुलाला आणि सुनेला समोर बसवून सगळं सांगितलं. मी भिंतीपाशी उभा होतो, लपवत नाही. नागेंद्र सुरुवातीला हसला, "आप्पा, एवढंच ना? दुसरे मासे आणू." सौम्या हसली नाही. ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी कॉलेजला दांडी मारून ती टेकावर गेली आणि नागेंद्रला तिनं मारुतीरावांकडं पाठवलं. मारुतीरावांनी चहा पाजला. गुणाबाईनंही चहा पाजला, पण ती लगेच आली नाही. वखारीच्या मुकादमाला हंगाम संपेपर्यंत येते म्हणून शब्द दिला होता. "पाऊस लागला की येते, ताई," ती म्हणाली. म्हणजे तोवर खोकला आहेच. आण्णाप्पानं कबूल केलं, सगळ्यांनी माफ केलं, पण ती धूळ काही त्याला मागं घेता येईना.

पंपाचं बटण त्यानं स्वतः नागेंद्रला सांगून घराच्या आत, कुलूप लावायच्या पेटीत बसवून घेतलं. "माझ्या हाताचा भरवसा न्हाय," तो म्हणाला. नवे मासे आले. पाणी दिवसभर पडतं. तो आता तळ्याजवळ बसतो, पण त्याचा हात अधूनमधून खुर्चीच्या दांडीवर फिरतो.

पुढच्या पाण्याच्या दिवशी तो मला म्हणाला, "चल." आम्ही चौकातल्या व्हॉल्व्हपाशी गेलो. आता पाणी ओमकार सोडतो. चांगला कामसू गडी, लग्न झालेला, आण्णाप्पाच्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं घड्याळ बघितलं, चावी लावली आणि फिरवायला वाकला.

आण्णाप्पानं चावीच्या दांड्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. टेकावर अजून पोचलं न्हाय."

"टाइम झाला, आप्पा," ओमकार म्हणाला. "तुमीच शिकवलाय न्हवं?"

"व्हय," आण्णाप्पा म्हणाला. "चुकीचं शिकवलं."

ओमकार गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. आण्णाप्पा दांडा सोडेना. खालच्या गल्लीतल्या बाया दारात येऊन बघायला लागल्या, आमचं पाणी कमी पडलं तर काय, असं एकीनं विचारलंही. तो फक्त टेकाकडं तोंड करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं वरून घागरी एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला. तरीही तो थोडा वेळ थांबला, आणि मगच त्यानं हात काढला.